विचित्र व दुर्गंधी परदेशी वनस्पती : घरी कोणत्या लावाव्या, कोणत्या लावू नयेत

मनुष्य फुलाची परीक्षा बहुधा नाकाने करितो. मोगरा, जाई, रातराणी यांस अंगणात मानाची जागा मिळते. ज्या झाडास वाईट वास येतो त्यास कुंपणाबाहेरही कोणी उभे राहू देत नाही. शेतकऱ्याने तरी ही परीक्षा अखेरची मानू नये. ज्या शेणखताच्या वासाने शहरातील मनुष्य नाकास रुमाल लावितो, त्याच खतावर त्याच्या ताटातील भाकरी पिकत असते. प्राचीन रोमन लोकांनी तर खताचा एक स्वतंत्र देवच मानिला होता. स्टर्क्युलिअस हे त्याचे नाव. जंगली बदामाच्या फुलांस जो उग्र, शेणकटासारखा वास येतो त्यावरून स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस याने त्या झाडाच्या वंशास याच देवाचे नाव दिले. मुंबईच्या रस्त्यांवर ही झाडे पुष्कळ आहेत, व ती फुलली म्हणजे त्यांची ओळख दुरूनच पटते.

मोबाईलवरून रोपे मागविण्याची सोय झाल्यापासून परदेशची चमत्कारिक झाडे कुंडीत बाळगण्याची हौस आमच्या मोझरी-तिवसा भागांतही दिसू लागली आहे. महसूल खात्यातील कारकुनीतून निवृत्त झाल्यावर मीही अंगणात अशा चार कुंड्या ठेविल्या आहेत. त्या पाहण्यास येणारा प्रत्येक जण प्रथम हाच प्रश्न करितो की, ‘असले घाण वासाचे झाड घरात कशाला?’ प्रश्न योग्य आहे. परंतु त्याहून महत्त्वाचा प्रश्न निराळाच आहे. परदेशी झाडाचा वास कसा आहे यापेक्षा ते आपल्या जागी राहील की नाही, हे आधी पाहिले पाहिजे. याच गोष्टीचा विचार या लेखात करावयाचा आहे.

वासाचे कारण

वनस्पतीस चालता येत नाही. आपला पराग दुसऱ्या फुलापर्यंत पोहोचविण्यास तिला वाऱ्याची अगर कीटकांची सेवा घ्यावी लागते. कित्येक फुले मध देऊन मधमाशीस बोलावितात. काही जातींनी मात्र मांसावर बसणाऱ्या माशीस फसविण्याचा मार्ग धरिला आहे. ही माशी कुजलेल्या मांसावर अंडी घालते. तेव्हा या फुलांनी त्या मांसासारखाच तांबूस-जांभळा रंग, तसाच सुरकुतलेला व केसाळ पृष्ठभाग आणि तसाच वास धारण केलेला असतो. मांस कुजताना जी गंधकयुक्त द्रव्ये निर्माण होतात, त्यांपैकीच काही या फुलांतही तयार होतात. माशी येते व फुलावर अंडीही घालते. पुढे अन्नावाचून अळ्या मरतात. परंतु तोपर्यंत परागाची ने-आण होऊन फुलाचे काम झालेले असते.

याचे उदाहरण पाहण्यास परदेशी जाण्याचे कारण नाही. आपला सुरण घ्या. त्याचा मोठा कंद न काढता जमिनीत राहू दिला, तर पावसाळ्याच्या तोंडाशी, पान फुटण्यापूर्वीच, जमिनीतून जांभळट रंगाचा एक विलक्षण फुलोरा वर येतो. ज्यास हे ठाऊक नाही तो त्या वासाने घरात मेलेला उंदीर शोधू लागतो. तरी याच सुरणाची भाजी आपण चिंच किंवा आमसूल घालून आनंदाने खातो. त्याची खाज कंदातील सुईसारख्या सूक्ष्म स्फटिकांमुळे येते, तिचा फुलाच्या वासाशी संबंध नाही. ‘गजेंद्र’ नावाची सुधारलेली जात तर जवळजवळ बिनखाजेची आहे. कोकणातील शेवळे सुरणाच्याच वंशातील असून पहिल्या पावसाबरोबर येणाऱ्या त्याच्या कोंबांची भाजी तेथील लोक काकडाची आंबट फळे घालून मोठ्या आवडीने करितात.

सुरणाचा सर्वांत मोठा भाऊबंद सुमात्रा बेटात आहे. इटालियन शास्त्रज्ञ बेकारी यास तो १८७८ साली आढळला, आणि इंग्लंडमधील क्यू येथील उद्यानात १८८९ साली तो लागवडीत प्रथम फुलला. त्याचा फुलोरा तीन मीटरपर्यंत उंच होतो व एक-दोन दिवसांतच कोमेजतो. फुलतेवेळी त्याचा मधला दांडा मनुष्याच्या अंगाइतका उष्ण होतो, व त्या उष्णतेने वास दूरवर जातो.

कुंडीत ठेवण्याजोगी

वऱ्हाडच्या हवेत घरी लावण्यास सोयीची अशी या वर्गातील वनस्पती म्हणजे स्टॅपेलिया होय. ही आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील. दिसण्यात निवडुंगासारखी असली तरी ती निवडुंग नव्हे. ती आपल्या रुईच्या कुळातील आहे. बोटाएवढे जाड, चौधारी, बिनपानांचे हिरवे दांडे आणि त्यांच्या बुडाशी पाच टोकांचे ताऱ्यासारखे फूल, असे तिचे स्वरूप असते. मोठ्या जातीचे फूल वीतभराहूनही रुंद, फिकट पिवळे व त्यावर बारीक तांबड्या आडव्या रेघा असलेले असे असते. उमलण्यापूर्वी कळी फुगलेल्या पिशवीसारखी दिसते. ती पाहून मुलांस मोठी मौज वाटते.

लागवड सोपी आहे, परंतु आपल्या काळ्या मातीत ती करू नये. कपाशीची माती पाणी धरून ठेविते, व पाणी साचले की हे दांडे बुडापासून कुजतात. एक भाग पोयटा, एक भाग जाड वाळू व एक भाग बारीक मुरूम किंवा विटांचा चुरा असे मिश्रण करून उथळ कुंडीत भरावे. कुंडीच्या तळास छिद्र असलेच पाहिजे. बोटभर लांबीचा दांडा सांध्यापाशी तोडून सावलीत आठवडाभर सुकू द्यावा. जखम वाळल्यावर तो मातीत जेमतेम टेकवावा, व मुळे धरेपर्यंत पाणी अगदी बेताचे द्यावे.

पुढे माती पूर्ण वाळल्यावरच पाणी द्यावे. हिवाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा दिले तरी चालते. वैशाखाच्या उन्हात कुंडी सकाळच्या उन्हात व दुपारी ओसरीच्या सावलीत असावी. पावसाळ्यात ती उघड्यावर किंवा वळचणीखाली ठेवू नये. कपाशीवर येणाऱ्या पिठ्या ढेकणाचे भाऊबंद यावरही येतात. ते साबणाच्या पाण्यात बुडविलेल्या बोळ्याने पुसून काढावे. फुले बहुधा पावसाळा सरता सरता येतात. त्या सुमारास कुंडी स्वयंपाकघर, झोपण्याची जागा व गोठा यांपासून दूर ठेवावी. फुलावर माशांची अंडी दिसली तर कोमेजलेले फूल तोडून मातीत पुरावे. एवढी व्यवस्था ठेविल्यास घरच्या माणसांस काही त्रास होत नाही, आणि मुलांस माशी व फूल यांचा व्यवहार पुस्तकावाचून समजतो.

एक दक्षता मात्र अवश्य घ्यावी. फूल फळले तर शिंगांच्या जोडीसारख्या शेंगा येतात व त्यांतील बिया रुईच्या बियांप्रमाणे रेशमी धाग्यांवर उडत जातात. याच वर्गातील एक ठिपकेदार फुलांची जात दक्षिण ऑस्ट्रेलियात बागांतून निसटून तण होऊन बसली आहे. म्हणून शेंग दिसताच ती हिरवी असतानाच खुडावी.

या आफ्रिकन वनस्पतीची एक नातलग आपल्या महाराष्ट्रातच आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. शिंदळ माकुडी नावाची ही छोटी, मांसल वनस्पती शिवनेरीसारख्या ठिकाणी कड्यांच्या कपारींत वाढते. डॅलझेल या शास्त्रज्ञाने १८६५ साली तिचे वर्णन करून मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव तिच्या वंशास दिले. तिचे परागीकरणही माशाच करितात. ही महाराष्ट्राबाहेर निसर्गतः कोठेही आढळत नाही व येथेही अत्यंत दुर्मिळ आहे; तेव्हा हौसेपायी ती कड्यावरून उपटून आणणे हा अपराधच समजावा.

ज्यांचा नाद धरू नये अशी

सुमात्रा बेटातच रॅफ्लेशिया नावाचे, सुमारे एक मीटर रुंदीचे दुर्गंधी फूल होते; ते १८१८ साली युरोपियन लोकांच्या दृष्टीस पडले. या वनस्पतीस स्वतःचे पान, खोड किंवा मूळ नाही. ती रानातील एका वेलीच्या अंगातच बांडगुळाप्रमाणे वाढते. सबब तिचे ‘बी’ कुंडीत पेरण्यासाठी कोणी विकत असेल तर ते घेणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे होय. सुरणाच्या सुमात्रातील भाऊबंदाचा कंद शंभर किलोहूनही अधिक वजनाचा होऊ शकतो, व त्यास बाराही महिने दमट हवा लागते. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याचा निभाव लागणार नाही.

हिंगाचीही तीच गोष्ट. उग्र वासाची ही परदेशी वनस्पती इराण व अफगाणिस्तान या थंड, कोरड्या देशांतली. पालमपूर येथील सरकारी संशोधन संस्थेने इराणहून बी आणवून ऑक्टोबर २०२० मध्ये हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात तिची लागवड सुरू केली. ते खोरे बर्फाळ आहे. वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. येथे कोणी हिंगाची रोपे विकण्यास आला तर त्यास दारातूनच परत पाठवावे.

सुंदर म्हणून आणलेली

आता प्रस्तुत विषयाचा मुख्य भाग. ज्या परदेशी झाडाने आमच्या मुलखाचे सर्वांत अधिक नुकसान केले आहे, ते दुर्गंधी फुलाचे नव्हे. त्याची फुले लाल, पिवळी, गुलाबी अशा रंगीबेरंगी गुच्छांची असतात. ते म्हणजे घाणेरी. वऱ्हाडात हिलाच रायमुनिया म्हणतात. पाने चुरगळली असता जो वास येतो त्यावरून तिला घाणेरी हे नाव पडले. मूळची ही अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात ती शोभेसाठी आणली गेली. बंगल्यांच्या कुंपणांस तिचे ताटवे लागले. बुलबुलादी पक्ष्यांनी तिची काळी फळे खाल्ली आणि बी रानोमाळ पेरिले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे भारतातील वाघांच्या वसतिप्रदेशापैकी सुमारे दोन-पंचमांश भागास तिचा उपद्रव आहे. आमचे मेळघाटही त्यातून सुटलेले नाही.

महसुली कामात अतिक्रमणाची प्रकरणे पुष्कळ येतात. मनुष्याने ई-क्लास जमिनीवर अतिक्रमण केले तर पंचनामा होतो, नोटीस बजाविता येते. घाणेरीस नोटीस कोण बजावणार? तिच्या दाट झुडपांखाली गवत उगवत नाही, म्हणजे गुरचरण कागदोपत्री तेवढेच राहून प्रत्यक्षात कमी होते. ज्याच्याजवळ वावर नाही व दोन बकऱ्या किंवा एक गाय यांवरच ज्याचा संसार आहे, त्यास याची पहिली झळ लागते. टंचाईच्या दिवसांत भुकेले जनावर घाणेरीची पाने खाते. त्याचे यकृत बिघडून कावीळ होते, व उन्हात नाकपुडी व अंगाची कातडी सोलून निघते. अशा जनावरास तत्काळ सावलीत बांधून पशुवैद्यास बोलावावे.

घाणेरी एकटीच नव्हे. दक्षिण अमेरिकेतील बेशरम धुऱ्यावरील कुंपणासाठी लाविली गेली. आज ती नाल्यांत माजून पाणी अडविते, व तिचा पाला बकऱ्यांस विषारी आहे. तळी व्यापणारी जलपर्णीही तिच्या सुंदर जांभळ्या फुलांसाठीच हौसेने या देशात आणली गेली होती. नाकास व डोळ्यांस जे गोड वाटले त्यावर विश्वास ठेविल्याचा हा परिणाम आहे. स्टॅपेलियाचा वास दोन-चार दिवसांत जातो व कुंडी जागच्या जागी राहते. घाणेरीस येऊन दोनशे वर्षे झाली, तरी ती हटत नाही.

घरी आणण्यापूर्वी

कोणतीही परदेशी वनस्पती आणण्यापूर्वी पुढील चार गोष्टींची विचारपूस करावी :

१. तिचे बी पक्षी खातात काय, अगर ते वाऱ्याने वा पाण्याने दूर जाते काय?
२. तोडून टाकिलेला तुकडा उकिरड्यावर पुन्हा रुजतो काय?
३. जनावराने किंवा मुलाने पान, फळ अथवा चीक तोंडात घातल्यास अपाय होतो काय?
४. अन्य देशांत तिने उपद्रव दिला आहे काय?

यांपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ असे आल्यास तिला कुंडीबाहेर जाऊ देऊ नये. दोन-तीन उत्तरे तशी आल्यास ती आणूच नये. छाटलेले तुकडे उकिरड्यावर न फेकिता वाळवून जाळावे. तसेच परदेशातून बी, कंद किंवा रोप परवान्यावाचून मागविणे बेकायदेशीर आहे. १९१४ च्या विध्वंसक कीटक व कीड कायद्याखाली २००३ साली काढलेल्या संगरोध आदेशान्वये अशा मालास आयातीचा परवाना व रोगमुक्ततेचा दाखला लागतो. एका पाकिटातून नवी कीड आली तर तिचे मोल साऱ्या गावच्या पिकास द्यावे लागते.

ज्यांच्या धुऱ्यावर घाणेरी आली आहे त्यांनी ती नुसती वरून छाटू नये; छाटल्याने ती अधिक फुटते. फळे येण्यापूर्वी कुदळीने खोड व मूळ यांच्या सांध्याखाली जमिनीत तोडून झुडूप उपटावे, व मुळे वर करून वाळू द्यावे. मोकळ्या झालेल्या जागेत लगेच मारवेल किंवा पवना गवताचे बी टाकावे आणि पुढील दोन-तीन पावसाळे उगवणारी लहान रोपे हाताने उपटावी. एकट्याने केलेले हे काम शेजारच्या धुऱ्यावरील बियांमुळे वाया जाते. याकरिता ई-क्लास जमिनीस लागून ज्यांची वावरे आहेत त्यांनी एकत्र येऊन, ग्रामपंचायतीच्या संमतीने, एकाच हंगामात सलग पट्टा साफ करावा. येत्या पावसाळ्याच्या आरंभी जमीन ओली होऊन मुळे सैल होताच या कामास हात घालणे सोयीचे होईल.