लुनाची दुसरी पाळी

जग्वारने आपल्या १९६८च्या ‘ई-टाइप’ स्पोर्ट्स कारमधलं इंजिन उतरवून तिथे ४० किलोवॉट-अवरची बॅटरी बसवली. मे २०१८मध्ये प्रिन्स हॅरी लग्नानंतर नववधूला याच गाडीतून घेऊन गेला, आणि गाडी जगभर पोचली. जुन्या मोटारींच्या शौकिनांना मात्र असले बदल रुचत नाहीत. इंजिन गेल्यावर उरतं ते काय, नुसतं पत्र्याचं अंग? जुन्या वाहनांची जागतिक संघटना ‘फिवा’ही अशा गाडीला ऐतिहासिक मानायला नाखूश आहे. आपल्याकडे २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज दर्जा दिला, पण सांगाडा आणि इंजिन मूळचं असेल तरच.

हा तिढा नगरने (कागदावर आता अहिल्यानगर) एका भलत्याच गाडीपुरता सोडवला आहे, आणि माझ्या मते जग्वारपेक्षा शहाणपणाने.

नगर-दौंड रस्त्यावरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची ‘लुना’ १९७२ची. एच. के. फिरोदियांच्या या कंपनीने इटलीच्या पियाजिओच्या ‘चाओ’ मोपेडवरून ती बेतली. ५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, गिअर नाही, आणि पायाशी चक्क सायकलची पेडलं. पंपावर पेट्रोलबरोबर ऑइल टाकून घ्यायचं, ते नीट मिसळावं म्हणून गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवायची, मग स्टँडवर चढवून पेडल मारायचं. धूर सोडत ती सुरू झाली की दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून दूधवाला निघाला. शिक्षक, वायरमन, भटजी, सफाई कामगारापासून मेडिकलवाल्यापर्यंत सगळ्यांना ती परवडली. शोभेची गाडी ती कधीच नव्हती. ऐट करायला लोकांकडे बुलेट होती.

फेब्रुवारी २०२४मध्ये नितीन गडकरींच्या हस्ते ‘ई-लुना’ बाजारात आली. ती आणणाऱ्या कायनेटिक ग्रीनच्या प्रमुख सुलज्जा फिरोदिया-मोटवानी म्हणजे एच. के. फिरोदियांची नात. गाडीचा सांगाडा, मेन स्टँड, साइड स्टँड, स्विंग आर्म ही लोखंडी कामं नगरच्याच कारखान्यात होतात. मोटर मागच्या चाकाच्या हबमध्येच आहे, त्यामुळे ऑइलचा प्रश्नच नाही. पेडलं गेली, याचं मला थोडं वाईट वाटतं. मागची सीट काढता येते आणि १५० किलो वजन न्यायची तयारी कायम आहे. सुरुवातीची किंमत होती ६९,९९० रुपये.

खरी गंमत बॅटरीत आहे. ती दोन किलोवॉट-अवरची, म्हणजे वीजबिलातली दोन युनिटं. एवढ्यावर ११० किलोमीटर चालेल असं कंपनी सांगते. पाठीवर पोती असतील तर अर्थातच कमी. तरी जग्वारच्या बॅटरीचा हा जेमतेम विसावा हिस्सा! वेग पन्नासच्या आसपास आणि फेरी ठरलेली असली की मोठी, महाग बॅटरी लागत नाही. विजेवर जायला हलकी, संथ, कामाची गाडीच सोयीची, हे लुनाच्या रचनेत पहिल्यापासूनच होतं. २०२५मध्ये कायनेटिकने जुन्या ‘कायनेटिक होंडा डीएक्स’चीही विजेवरची आवृत्ती काढली, ती देखणी आहे, पण तिच्यात आठवणींचा व्यापार जास्त दिसतो.

जुन्या गाडीलाच विजेवर न्यायचं असेल तर कायद्याने वाट आहे. ‘एआयएस-१२३’ या मानकाप्रमाणे तपासलेलं मंजूर किट बसवायचं आणि आरटीओत आरसीवर नोंद करून घ्यायची. वाहनांची अशी तपासणी करणाऱ्या अधिकृत संस्थांपैकी एक, संरक्षण खात्याची व्हीआरडीई, नगरलाच आहे. गल्लीतल्या मेकॅनिकने कुठलीतरी बॅटरी तारांनी बांधून दिली तर ती जागच्या जागी पेटायची भीती, शिवाय अपघातात विमा मिळायची शाश्वती नाही.

तेव्हा माळ्यावर किंवा गोठ्यात जुनी लुना पडली असेल, तर तिला कापू नका आणि भंगारातही देऊ नका. कार्ब्युरेटर साफ करून पेट्रोलवरच चालती ठेवा. दूध घालायला नवी घ्या.