हरणांचा हिशेब आणि शिकारीचे बिल्ले

कामगार-संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने हरणांविषयी काय सांगावे, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. आम्ही आठवीत शाळा सोडली. पुढचे शिक्षण पाळी संपल्यावर वाचनालयात झाले. तेथेच अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात हरणांवरून चाललेल्या भांडणाची हकीकत वाचनात आली, आणि हे भांडण आपल्या ओळखीचे आहे असे वाटले. एक बाजू आकडा सांगते, दुसरी म्हणते आकडा खोटा. वाटाघाटीच्या टेबलाशी आमची तीस वर्षे यातच गेली.

आपल्याकडे हरणाची शिकार हा गुन्हा आहे. विस्कॉन्सिनमध्ये मात्र दर नोव्हेंबरात नऊ दिवस बंदुकीच्या शिकारीचा हंगाम असतो आणि पाच-सहा लाख माणसे परवाना घेऊन रानात उतरतात. गिरणीतला कामगार, शाळामास्तर, शेतकरी, सगळे त्यांत असतात. घरी मांस येते, ते वर्षभर पुरवून खातात. हरीण पांढऱ्या शेपटीच्या जातीचे. परवान्याबरोबर एक बिल्ला मिळतो. पूर्वी तो मेलेल्या जनावरास बांधावा लागे; आता त्याचा क्रमांक दुसऱ्या दिवशीपर्यंत नोंदवावा लागतो. बिल्ला एक, हरीण एक. परंतु बिल्ले दोन प्रकारचे असतात. शिंगवाल्या नराचा बिल्ला प्रत्येक परवानेवाल्यास मिळतो. बिनशिंगाच्या जनावरांचा, म्हणजे माद्यांचा व पाडसांचा, बिल्ला उत्तरेकडील जंगलभागात मोजून देतात. सारे भांडण या दुसऱ्या बिल्ल्याचे.

कारण सोपे आहे. एक नर अनेक माद्यांना पुरतो. निम्मे नर मारले तरी पुढल्या वसंतात पाडसांची संख्या जवळपास तेवढीच राहते, आणि चारा चांगला असला की मादीला बहुधा जुळे होते. म्हणून कळप वाढवायचा की घटवायचा, हे मादीवर ठरते. पण मादी मारू नये, ती मारणे म्हणजे बियाणे खाणे, ही शिकाऱ्यांची पिढीजात समजूत. ती अगदी खोटी होती असेही नाही. गेल्या शतकाच्या आरंभी हरणे खरोखरच विरळ झाली होती, आणि १९१५ पासून फक्त नर मारण्याच्या नियमाने ती सावरली. संकटात उपयोगी पडलेला नियम संकट सरल्यावरही माणसाला सोडवत नाही. संघटनांतही आम्ही हे पाहिले आहे.

लांडगे मारून जवळजवळ संपवले होते, तोडलेल्या जंगलात कोवळी झाडे फुटली होती; हरणे भराभर वाढली. उत्तरेकडे हिवाळ्यात बर्फ साठले की ती सीडरच्या दलदलीत गोळा होतात आणि हाताशी येईल ते खातात. मागच्या पायांवर उभे राहून तोंड पोहोचेल तेथपर्यंत झाडे ओरबाडली जातात. दूरून पाहिले तर कोणी दोरी धरून कापल्यासारखी रेघ दिसते. त्या रेघेच्या वर पाला असतो, पण तो पाडसांच्या काय कामाचा? उपासाने आधी पाडसे मरतात. पुढे झाडांची रोपेच उरत नाहीत.

आल्डो लिओपोल्ड हा विद्यापीठातला प्राध्यापक हे सांगत होता. (तरुणपणी यानेच लांडगे मारण्याचा पुरस्कार केला होता, चूक उमगल्यावर ती त्याने लिहून कबूल केली.) १९४३ साली तो राज्याच्या संरक्षण आयोगावर आला आणि त्याच वर्षी माद्यांची शिकार उघडली. आधी नरांचे चार दिवस, मध्ये खंड, मग बिनशिंगाच्या जनावरांचे चार दिवस. बिनशिंगाच्या बिल्ल्यांना मर्यादा नव्हती. सुमारे १ लाख २८ हजार हरणे पडली. लोक खवळले, त्या हंगामाला ‘४३ चा गुन्हा’ हे नाव पडले आणि पुढल्या वर्षी पुन्हा फक्त नर.

आमच्या मते लिओपोल्डचे शास्त्र बरोबर होते, पण सारे राज्य एका मापाने मोजणे ही चूक होती. कोठे हरणे उपाशी होती, कोठे मुळातच थोडी होती. हे दुरुस्त होण्यास वीस वर्षे लागली. १९५७ मध्ये चार शिकाऱ्यांत मिळून एक जादा हरीण, अशी सोय झाली. १९६३ पासून राज्याचे विभाग पाडून प्रत्येक विभागास मादीच्या बिल्ल्यांची वेगळी संख्या ठरू लागली.

ती ठरते कशी? रानातले प्रत्येक हरीण कोणी मोजत नाही. मारलेल्या नरांवरून मागे हिशेब करतात. समजा, एका विभागात ६०० प्रौढ नर पडले. त्यांच्या दाढा पाहतात: दीड वर्षाच्या हरणाला तीन उंचवट्यांची दुधाची दाढ असते किंवा नुकतीच पडलेली असते. अशी कोवळी जनावरे जितकी जास्त, तितकी शिकारीची कात्री मोठी. दर दहा नरांत सहा पडतात असे निघाले, तर हंगामापूर्वी नर १,००० होते. नरामागे दोन माद्या धरल्या तर माद्या २,०००. मादीमागे एक पाडस, म्हणजे आणखी २,०००. एकूण ५,०००. जंगलाला हिवाळ्यात ४,००० पेलतात असे ठरले, तर नरांखेरीज ४०० बिनशिंगाची जनावरे कमी व्हायला हवीत. पण बिल्ला घेतलेल्यांपैकी निम्म्यांनाच हरीण मिळत असेल, तर बिल्ले ८०० काढावे लागतात. हे आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले आहेत, रीत खरी आहे.

शिकाऱ्याला दिसतात फक्त ते ८००. तो म्हणतो, ४०० मारायची होती ना? मग दुप्पट कसे? येथेच आम्हांला आमची एक फजिती आठवते. एका गिरणीत बदली कामगारांच्या संख्येवरून आम्ही दोन महिने भांडलो, त्यांचा आकडा खोटा म्हणून सभा गाजवल्या. मस्टर उघडा, ही मागणी मात्र शेवटी केली. उघडले तेव्हा कळले की ते रजेवरची माणसे वगळून मोजीत होते, आम्ही धरून. खोटे कोणीच नव्हते. दोन महिन्यांची मजुरी बुडाली ती आमच्या माणसांची.

विस्कॉन्सिनमध्ये मस्टर काही अंशी उघडे आहे. १९३४ पासून तेथे कॉन्झर्व्हेशन काँग्रेस नावाची नागरिकांची सभा आहे. दर वसंतात प्रत्येक काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, लोक प्रतिनिधी निवडतात आणि नियमांवर मत देतात. मत सल्ल्यापुरते असते, तरी वजनदार असते. २०१४ पासून बिल्ल्यांची संख्या सुचवायला काउंटीवार समित्याही आल्या. त्याच वर्षी, आधीचा हिवाळा फार कडक गेल्यामुळे, उत्तरेकडील कित्येक भागांत मादीचा बिल्ला काढायचाच नाही असे ठरले.

एक बदल मात्र आम्हांला रुचला नाही. १९५३ पासून शिकाऱ्याने हरीण नोंदणीच्या नाक्यावर नेऊन दाखवणे सक्तीचे होते. तेथे मोजणारा जबडा उघडून दाढ दाखवी आणि शिकारी वाकून पाही. २०१५ पासून ही नोंद घरबसल्या फोनवर किंवा इंटरनेटवर होते. दाढा पाहण्याची केंद्रे अजून आहेत, पण तेथे हरीण न्यायचे की नाही हे शिकाऱ्याच्या मर्जीवर. हंगामात पहिल्या शनिवारी संध्याकाळी पेट्रोलपंपापाशी गाड्यांची रांग लागे, त्यात ज्याने आकड्यावर शिव्या दिल्या तोही उभा असे.