सेकंडहँड मोबाइल घ्या, पण पारखून!

घरात नवा मोबाइल येतो तो आधी मुलाला, नाहीतर 'ह्यांना'. त्यांचा जुना, काच तडकलेला फोन फिरत फिरत आईच्या हातात पडतो. आमच्या बचत गटातल्या बायकांनी मात्र अलीकडे स्वतःच्या पैशांतून फोन घ्यायला सुरुवात केली आहे. कुणाला मसाल्याच्या ऑर्डरी व्हॉट्सअॅपवर घ्यायच्या असतात, कुणाला मुलीच्या अभ्यासासाठी हवा असतो. नवा परवडत नाही, मग जाहिरात बघून वापरलेला घ्यायचा. त्यात कमीपणा कसला? शिलाई मशीन नाही का आपण जुनं घेत? पण मशीन घेताना चार टिपा मारून बघतोच ना!

गेल्या वर्षी गटातल्या एका ताईंनी अशाच जाहिरातीवरच्या नंबरला फोन लावला. समोरचा म्हणाला, "मी फौजी आहे, बदली झालीय, म्हणून स्वस्तात देतोय." ओळखपत्राचा फोटोही पाठवला. आधी कुरिअरचे दीड हजार, मग 'गेटपास'चे दोन हजार, मग 'परत मिळणारं' डिपॉझिट दोन हजार. शिलाईचे साडेपाच हजार रुपये गेले, फोन काही आला नाही. फौजी म्हटलं की आपला लगेच विश्वास बसतो, हे या भामट्यांना पक्कं ठाऊक असतं. पण मला खरी हळहळ वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. नवरा ओरडेल म्हणून ताईंनी चार दिवस घरात कुणाला सांगितलंच नाही. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर आहे. तिथे जितक्या लवकर फोन कराल, तितकी पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त. घरातल्या बोलण्याच्या भीतीने चोराचंच फावतं.

म्हणून मैत्रिणींनो, फोन हातात आल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही, अगदी 'बुकिंग'चाही नाही. आणि पैसे येणार असतील तर यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात, येत नाहीत.

भेटायचं ते दिवसा, वर्दळीच्या ठिकाणी, बरोबर कुणीतरी घेऊन. डायल करायच्या जागी *#०६# दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसतो. दोन सिमचा फोन असेल तर दोन दिसतील. हा नंबर खोक्यावरच्या आणि बिलावरच्या नंबराशी जुळवून बघा. मग केवायएम ही इंग्रजी अक्षरं, जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. दूरसंचार खात्याच्या या सोयीतून फोन ब्लॅकलिस्टेड किंवा डुप्लिकेट असल्याचं कळलं, तर सरळ उठून घरी या. विकणारा कितीही गोड बोलो!

बायका हमखास विसरतात ती गोष्ट म्हणजे आधीच्या मालकाचं गुगल खातं. ते त्याने सेटिंगमध्ये जाऊन तुमच्यासमोर काढायला हवं, मगच फोन रिसेट करायचा. नाहीतर फोन त्याचाच पासवर्ड मागत बसतो. चोरीच्या फोनचं बिंग बरेचदा इथेच फुटतं. रिसेट झाला की तिथल्या तिथे आपलं खातं घालून सुरू करून बघा. आपलं सिम घालून एक फोन लावा, चार्जर जोडा, दोन्ही कॅमेरे बघा. "किती वेळ लावता बाई!" असं तो म्हणेलच, म्हणू दे.

पटलं तर एका कागदावर तारीख, किंमत, आयएमईआय नंबर आणि त्याची सही घ्या. सोबत ओळखपत्राची झेरॉक्स. ती द्यायला कुरकुर करणाऱ्याकडून आमच्या गटातली एकही बाई आता फोन घेत नाही.