संमिश्रण आणि परिणाम-परिवर्तन

कारण व रोग यांचा संबंध तपासताना तिसऱ्या घटकाचा विचार दोन दृष्टींनी करावा लागतो. कन्फाउंडिंग म्हणजे संमिश्रण, ही पहिली. इफेक्ट मॉडिफिकेशन म्हणजे परिणाम-परिवर्तन, ही दुसरी. दोहोंसाठी सामग्रीचे स्तर पाडावे लागतात, म्हणून अभ्यासकांची गल्लत होते. वस्तुतः संमिश्रण हा तुलनेतील दोष होय, तर परिणाम-परिवर्तन ही वस्तुस्थिती होय.

मद्यपी लोकांत फुप्फुसाचा कर्करोग अधिक आढळतो. परंतु त्यांच्यात धूम्रपानही अधिक असते आणि धूम्रपान हे त्या रोगाचे स्वतंत्र कारण आहे. धूम्रपानानुसार स्तर पाडले असता मद्याशी दिसणारा संबंध बहुतांशी मावळतो. हे संमिश्रण. स्तरांतील गुणोत्तरे जवळपास सारखी असल्यास मॅन्टेल व हॅन्झेल यांच्या १९५९ मधील पद्धतीने त्यांचे एकच सुधारित गुणोत्तर काढता येते.

आता हॅमंड, सेलिकॉफ व साइडमन यांनी १९७९ मध्ये अमेरिका व कॅनडातील अॅस्बेस्टॉस-कामगारांविषयी प्रसिद्ध केलेले आकडे पाहावेत. फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू, दर लाख व्यक्तिवर्षांस, असे : दोन्ही कारणे नसता ११·३, केवळ अॅस्बेस्टॉस असता ५८·४, केवळ धूम्रपान असता १२२·६, दोन्ही असता ६०१·६.

धूम्रपान न करणाऱ्यांत अॅस्बेस्टॉसमुळे मृत्युदर सुमारे ५·२ पट होतो, करणाऱ्यांत ४·९ पट. दोन्ही स्तरांत वाढ टिकून राहते. अर्थात् ती केवळ धूम्रपानाच्या संमिश्रणाने भासते असे म्हणता येत नाही. गुणोत्तराच्या मापाने परिवर्तनही जवळजवळ नाही. परंतु वजाबाकी केल्यास पहिल्या स्तरात ४७·१ व दुसऱ्यात ४७९·० मृत्यूंची वाढ दिसते. म्हणून परिणाम-परिवर्तन आहे की नाही, हे कोणत्या मापाने ते सांगितल्यावाचून ठरत नाही.

दोन्ही कारणांचे परिणाम केवळ बेरजेने एकत्र आले असते, तर दर १६९·७ झाला असता. त्यावरील ४३१·९ मृत्यू दोन्ही कारणांच्या संयोगाचे होत. त्यांपैकी कोणतेही एक कारण नसते, तर ते टळले असते. अशा मृत्यूंचा सारा दोष कामगाराच्या सिगारेटवर टाकून कारखानदारास मोकळे होता येत नाही.

यास्तव संमिश्रण आढळल्यास ते दूर करावे. परिणाम-परिवर्तन आढळल्यास प्रत्येक स्तराचे आकडे पृथक् द्यावेत. सरासरीत ते बुडविले, तर सर्वाधिक धोक्यातील माणूसच दृष्टीआड होतो.