२०पेक्षा कमी पटाची शाळा बंद करावी का? समूह शाळांचा वाद समजून घ्या

समजा, वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते चौथीची मिळून १४ मुलं आहेत. शाळा चालू ठेवायची, की मुलांना दूरच्या मोठ्या शाळेत पाठवायचं?

हा प्रश्न एकाच वाडीचा नाही. सप्टेंबर २०२३मध्ये शिक्षण विभागाने समूह शाळांचे प्रस्ताव मागवले, तेव्हा महाराष्ट्रात २०पेक्षा कमी पटाच्या सुमारे १४,७०० शाळा होत्या. त्यांत जवळपास १ लाख ८५ हजार मुलं शिकत होती.

समूह शाळा म्हणजे काय?

आसपासच्या लहान शाळा एकत्र करून मध्यवर्ती ठिकाणी एक मोठी शाळा चालवायची आणि मुलांच्या ने-आणीसाठी वाहनाची सोय करायची. यासाठी पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ, अशी दोन उदाहरणं पुढे ठेवली गेली.

बाजूने काय सांगितलं जातं?

लहान शाळेत एकाच खोलीत चार इयत्ता बसतात. दोनपैकी एक शिक्षक रजेवर किंवा बैठकीला गेला, की दुसऱ्यावर सगळा भार. वर्गात दोनच मुलं असतील तर गटात शिकणं नाही की कबड्डीचा संघ नाही. ही अडचण खरी आहे.

मग विरोध का?

कारण अंतर. शिक्षण हक्क कायद्याच्या राज्यातल्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत हवी. पावसाळ्यात ओढा भरला किंवा गाडी आली नाही, तर सहा वर्षांचं मूल जाणार कसं? आणि शाळा लांब गेली की आधी मुलींची शाळा सुटते, ही पालकांची भीती आहे. याआधी २०१७मध्येही १०पेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा जवळच्या शाळांमध्ये विलीन करण्याच्या निर्णयावर जोरदार टीका झाली होती.

पट वाढू शकतो का?

पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा पाहा. पट ३वर आल्याने ती बंद पडण्याच्या बेतात होती. दत्तात्रय वारे गुरुजी तिथे आले, गावकऱ्यांनी साथ दिली, मोठी मुलं लहानांना शिकवू लागली. पट शंभराच्या पुढे गेला. २०२५मध्ये याच शाळेला 'वर्ल्ड्स बेस्ट स्कूल' स्पर्धेत लोकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार मिळाला.

अर्थात, प्रत्येक वाडीत इतकी मुलंच नसतात. स्थलांतर वाढलंय, जन्मदर घटलाय. त्यामुळे सगळ्या शाळांना एकच उत्तर लागू पडणार नाही.

पालकांच्या हातात काय आहे?

शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. शाळेचा विकास आराखडा हीच समिती तयार करते. शाळा हलवण्याचा विषय निघाला, तर वाहन कोण देणार, किती वर्षं देणार आणि ते बंद पडलं तर काय, ही उत्तरं समितीने लेखी मागावीत. पटाचा आकडा हजेरीपटावर दिसतो. रस्ता कसा आहे, हे मात्र गावालाच माहीत असतं.