नाणे टाका, वजन घ्या

मराठीत नाणे, कन्नडमध्ये नाण्य. आपल्या सीमाभागातल्या घरांत हा शब्द दोन्हीकडून ओळखीचा. परदेशात नाणे टाकून खेळायचे बॉलिंगचे खेळ असत. आपल्या पिढीला मात्र नाणे टाकायची गंमत कळली ती रेल्वे स्टेशनवरच्या वजनकाट्यावर.

काट्यावर उभे राहिले की रंगीत दिवे लुकलुकत, चाक फिरे. चाक थांबल्यावर फटीत नाणे टाकायचे. खट्‌कन आवाज होऊन जाड कागदाचे तिकीट खाली पडे. त्यावर वजन आणि भविष्य, शिवाय पुष्कळदा नटनटीचे चित्र!

माझ्या आत्यासाठी मात्र तो खेळ नव्हता. बेळगावची ही मुलगी लग्न होऊन सौसरला गेली. सौसर-पांढुर्णा हा भाग तेव्हा छिंदवाडा जिल्ह्यात होता. 2023 मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. तिकडेही आपल्यासारखेच, घरात मराठी आणि कचेरीत दुसरी भाषा, म्हणजे हिंदी.

1998 साली आत्याला क्षय झाला. औषधासाठी छोट्या लाईनच्या गाडीने नागपूरला जावे लागे. परतताना आतोबा तिला स्टेशनवरच्या काट्यावर उभे करीत आणि तिकिटावर पेन्सिलीने तारीख लिहून ते देवघरात ठेवीत. तिसऱ्या महिन्यात खोकला थांबला आणि आत्याने गोळ्या सोडायचे ठरवले. आतोबांनी तिकिटे ओळीने मांडली: 38, 39, 41 किलो. म्हणाले, "वजन चढून राह्यलं ना? मंग गोळ्या कायले बंद कराच्या?" आत्याने औषध पूर्ण केले. शेवटचे तिकीट 46 चे.

पुढे नाणीच बदलली. 1992 चा रुपया 25 मिलिमीटरचा, तर 2011 चा सुमारे 22 चा. 25 पैसे व त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली. 2015 मध्ये सौसरची छोटी लाईनही मोठ्या लाईनसाठी बंद झाली. तसले काटे आता क्वचितच दिसतात.

वजनाचे महत्त्व मात्र तेवढेच आहे. क्षयाच्या गोळ्यांचे प्रमाण आज रुग्णाच्या वजनावरूनच ठरते. घरात असा रुग्ण असेल तर दरमहा एकाच काट्यावर, चपला आणि पिशवी बाजूला ठेवून वजन घ्या व तारखेसह वहीत लिहा. निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी मिळणारी रक्कम नोव्हेंबर 2024 पासून महिना 1000 रुपये झाली आहे, तीही विचारून घ्या. आणि खोकला थांबला तरी डॉक्टर सांगेपर्यंत गोळी थांबवू नका.