सादियातचे मजूर आणि छापील अहवाल

संयुक्त अरब अमिरातीत, अबुधाबीच्या किनाऱ्यालगत सादियात नावाचे बेट आहे. नावाचा अर्थ सुख, आनंद असा सांगतात. तेथे सरकारी पैशातून लूव्र संग्रहालय बांधले गेले. ते २०१७ च्या नोव्हेंबरात खुले झाले. न्यूयॉर्क विद्यापीठाची अबुधाबी शाखाही याच बेटावर आहे. बांधणारे मजूर बहुतेक भारत, पाकिस्तान, बांगलादेश व नेपाळचे.

२००९ साली ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने तेथील मजुरांचे हाल जगापुढे मांडले. मग काम करवून घेणाऱ्या सरकारी कंपनीने २०११ मध्ये प्राइसवॉटरहाउसकूपर्स या हिशेबतपासनीस संस्थेस देखरेखीवर नेमले, आणि २०१२ पासून तिचे अहवाल प्रसिद्ध केले. आपल्या घरातले दोष आपणच छापून काढणे ही लहान गोष्ट नव्हे, असे आम्हांस वाटते. कामावर येण्यापूर्वी दलालाला पैसे भरल्याचे अनेक मजुरांनी सांगितले, हेही त्या अहवालांत आले. वास्तविक तेथील १९८० च्या कायद्याने मजुराकडून असे पैसे घेण्यास बंदी होती. पण पैसे जातात ते गावात, शेत किंवा दागिने गहाण टाकून. त्याची पावती कोण देणार?

विद्यापीठाच्या कामाची गोष्ट आणखी वेगळी. तेथेही नियम होते, तपासनीस होते. तरी २०१५ च्या नार्डेलो अहवालात दिसून आले की, सुमारे ३०,००० मजुरांपैकी एक तृतीयांश नियमांच्या बाहेरच राहिले होते. दहा लाख डॉलरांहून लहान कंत्राटे वगळण्याची पद्धत पडली होती! यादीत ज्याचे नावच नाही, त्याचे दुःख अहवालात येणार कुठून?

आमच्या मॉरिशसमध्ये १८७१ साली ९,४०१ जुन्या मजुरांनी अर्ज केला, तेव्हा कुठे चौकशीसाठी शाही आयोग आला. मुंबईहून आलेल्या आमच्या पूर्वजांचे नाव, बापाचे नाव, गाव, जहाज, सारे मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेतील नोंदवह्यांत आजही सापडते. मुकादमाने काय सांगून जहाजावर चढवले, त्याचा रकाना मात्र नाही.

विद्यापीठाच्या त्या वगळलेल्या मजुरांना भरपाई देण्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. तोवर कित्येक जण काम संपवून परत गेले होते, आणि त्यांना हुडकायचे तर आधी त्यांची नावे व गावे कंत्राटदारांच्या वह्यांतून गोळा करायची होती.